काफीच ना रे?

हल (इंग्लंड), शनिवार पहाटे

प्रिय दिन्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून पत्र. शिवाय काम तुझ्या पेटीशीच आहे.

इथं येऊन अकरा वर्षं झाली, पण इंग्रजांचं गाणं म्हणजे बीटल्स आणि चर्चमधला कॉयर, याच्यापुढे माझी गाडी गेली नव्हती. मागच्या हिवाळ्यात दुसरी पाळी करून घरी यायला अकरा व्हायचे. फोडणी दिली तर घर उठेल, म्हणून गार वरणभात आणि बारीक आवाजात बीबीसीचा रेडिओ ३. तिथे शुक्रवारी 'लेट जंक्शन' नावाचा कसलाही धरबंध नसलेला कार्यक्रम लागायचा. आत्ता ढोल, तर मग बर्फ तडकल्याचा आवाज. एका रात्री नुसती खरखर सुरू झाली. वाटलं स्टेशन हललं. उष्ट्या हातानं बटण पिळायला उठलो, तेवढ्यात खरखरीतून एक म्हातारा गायला लागला. साथ नाही, ठेका नाही, आवाज मात्र खणखणीत. आणि दोन कडव्यांत संपलंसुद्धा!

जोसेफ टेलर त्याचं नाव. लिंकनशरमधल्या सॅक्सबी ऑल सेंट्सचा, म्हणजे आमच्या हंबर खाडीच्या पैलतीराचा. १९०५ साली ब्रिग गावच्या गाण्याच्या स्पर्धेत पर्सी ग्रेंजर या ऑस्ट्रेलियन पियानोवादकानं त्याला ऐकलं, आणि पुढच्या वर्षी मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारा फोनोग्राफ घेऊन तो पुन्हा हजर. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं तबकड्या काढल्या तेव्हा टेलरबुवा पंच्याहत्तरीच्या घरात होते. मी ऐकलं ते 'ब्रिग फेअर', ब्रिगच्या जत्रेचं गाणं. त्यांना दोनच कडवी आठवत होती.

तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. तेव्हा गाणी गोळा करणारे बहुतेक जण, अगदी सेसिल शार्पसुद्धा, ऐकून कागदावर उतरवत. यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता. ग्रेंजरनं नळकांडं सावकाश फिरवून पुन्हापुन्हा ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की ही माणसं प्रत्येक कडवं वेगळं गातात, आणि त्या हरकती म्हणजे म्हातारपणाच्या चुका नव्हेत. काकड आरतीला वही उघडून बसणाऱ्या पोरांना तू जे बडबडतोस, तेच!

पोरीच्या कीबोर्डला इअरफोन लावून मी स्वर शोधले. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. इथले त्याला डोरियन म्हणतात. काफीच ना रे?

मग चटकच लागली. एकदा नाइटिंगेल पक्ष्याचं जुनं ध्वनिमुद्रण लागलं. १९ मे १९४२, सरे परगण्यातली बाग. बीबीसी त्या पक्ष्याचं गाणं थेट ऐकवणार, तेवढ्यात लांबून घरघर आली. १९७ बॉम्बर विमानं, जर्मनीतल्या मानहाइमवर निघालेली. शत्रूला सुगावा लागेल म्हणून इंजिनिअरनं प्रक्षेपण तोडलं, ध्वनिमुद्रण मात्र चालू ठेवलं. घरघर चढत डोक्यावर येते, ओसरते, आणि पक्षी गातोच आहे. लोकांना त्यात आशा वगैरे दिसते. मला धसका बसला. बंद करून झोपलो.

बाकी रात्री एकच्या आत रेडिओ ४ वर समुद्राचं हवामान, एकेका सागरी विभागाचं नाव घेत: टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर. रत्नागिरीला आपण मच्छीमारांसाठीचा इशारा ऐकायचो ना, तसंच. जायचं कुठेच नसतं, पण ऐकून बरं वाटतं.

एप्रिलात पूल ओलांडून सॅक्सबीला जाऊन आलो. एक रस्ता, चर्च, शेतं. बघण्यासारखं काही नाही. येताना बार्टनला नदीकाठच्या लव्हाळ्यांत बिटर्न पक्षी घुमत होता, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा. फोनवर टिपला, पण अर्धा वाऱ्यानं खाल्ला.

बिटर्न आणि 'ब्रिग फेअर', दोन्ही मेलवर पाठवतोय. टेलरबुवा एका सुरावरून दुसऱ्यावर असे घसरत जातात की कीबोर्डवर ते सापडत नाही. तुझ्या पेटीलाही नाही जमायचं. तेव्हा गाऊनच पाठव. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या