गांडुळे विकत आणू नका, शेतातली मोजा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की शेतात गांडुळे सोडण्याचे सल्ले सुरू होतात. किलोच्या भावाने ती विकत मिळतात. शेतकरी ती उसाच्या सरीत किंवा डाळिंबाच्या आळ्यात सोडतो आणि काही दिवसांतच तिथे एकही दिसेनासे होते. यात त्याचा दोष नाही. विकले जाणारे हे गांडूळ शेतजमिनीत राहणारे नाहीच.

गांडूळखतासाठी आपल्याकडे मुख्यतः आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी या जाती वापरतात. दोन्ही बाहेरून आलेल्या. दुसरी तर आफ्रिकेतली. शेण आणि कुजणारा पालापाचोळा हेच त्यांचे घर आणि अन्न. खोल बिळे त्या करत नाहीत. सावली, सतत ओल आणि भरपूर सेंद्रिय पदार्थ मिळाला की झपाट्याने वाढतात, म्हणून खताच्या वाफ्यासाठी त्या उत्तमच आहेत. पण आपल्या बहुतेक शेतजमिनींत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कार्बन) एक टक्क्याच्याही खाली आहे आणि उघड्या रानात वरचा थर भराभर वाळतो. आयसेनिया तर ३५ अंशांच्या पुढे तगच धरत नाही. अशा जमिनीत ती उपाशी मरते किंवा वाळून मरते.

शेतातले गांडूळ वेगळे. लॅम्पिटो मॉरिटी ही दक्षिण भारतभर आढळणारी जात, किंवा प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात फेरेटिमा म्हणून शिकवले जाणारे गांडूळ. ही गांडुळे माती खातात, तिच्यात पालापाचोळा मिसळतात आणि जमिनीत बिळे करतात. जोराच्या पावसाचे पाणी या बिळांतून खाली उतरते; बिळे नसली की तेच पाणी माती घेऊन ओढ्याला जाते. पावसाळ्यात बांधावर दिसणाऱ्या बारीक गोळ्यांचे ढिगारे ही त्यांचीच विष्ठा. तिच्यात आजूबाजूच्या मातीपेक्षा पिकाला उपलब्ध नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) जास्त असते. ओल खाली गेली की ही गांडुळेही खाली जातात आणि वेटोळे करून पुढच्या पावसापर्यंत पडून राहतात. उन्हाळ्यात दिसली नाहीत म्हणजे ती संपली असे समजू नये.

ती आहेत की नाहीत हे मोजता येते. चांगला पाऊस होऊन गेल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वाफसा असताना (जमीन ओलसर, पण चिखल नसताना) सकाळी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा. माती गोणपाटावर टाकून ढेकळे हातानेच फोडावीत, कारण खुरप्याने गांडुळे तुटतात आणि मोजणी चुकते. खोल गेलेली वर आणायची असतील तर दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मोहरीची पूड कालवून खड्ड्याच्या तळाशी ओतावी. काही मिनिटांत ती बाहेर येतात. त्यांना लगेच साध्या पाण्यात धुऊन परत सोडावे. एका एकरात असे चार-पाच खड्डे तरी हवेत आणि एक बांधालगत हवाच. खड्ड्यामागे दहाच्या आसपास गांडुळे म्हणजे जमीन चांगली. बांधालगत भरपूर आणि मधल्या रानात शून्य आढळले, तर दोष जमिनीच्या जातीत नसून मशागतीत किंवा औषधांत आहे.

गांडुळांना मारणाऱ्या गोष्टी तशा ठाऊक आहेत. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, जाळणे ही पहिली. आगीने थोडी गांडुळे मरतात, पण खरे नुकसान अन्न आणि आच्छादन एकदम जाण्याचे. दुसरी, ओल्या जमिनीत पुन्हा पुन्हा फिरवलेला रोटाव्हेटर. उन्हाळी नांगरटीच्या वेळी गांडुळे बरीच खोल असतात. ओलीत मात्र ती वरच्या थरात असतात आणि पात्यांत सापडतात. तिसरी गोष्ट द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात नीट ध्यानात घेतली जात नाही: कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे त्याचे पाणी मुळांशी ओतणे, गांडुळांना फार घातक आहे, आणि बोर्डो मिश्रण या दुसऱ्या बुरशीनाशकातले तांबे वर्षानुवर्षे वरच्या थरात साठत जाते. ते कुजत नाही, विघटित होत नाही.

हुमणीसाठी, म्हणजे पिकाची मुळे खाणाऱ्या अळीसाठी, फोरेट हे कीटकनाशक टाकण्याची सवय तर दोन पिढ्यांची. त्याच्या विक्रीवर डिसेंबर २०२० अखेर बंदी आली, तरी मातीत विष टाकण्याचा विचार गेलेला नाही. शेणखतात दिसणारी प्रत्येक पांढरी वाकडी अळी हुमणी नसते. अळी सपाट जागेवर ठेवून पाहावी. पाठीवर उताणी होऊन सरकत असेल तर ती फुलभुंग्याची, कुजके खाणारी. तिला मारण्याचे कारण नाही. खऱ्या हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. सगळ्या गावाने एकाच वेळी केले तरच याचा उपयोग होतो.

उपाय खर्चिक नाहीत. खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट सरीतच ठेवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि टनभर पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारे जिवाणू १ किलो द्यावेत. युरिया वगळला तर पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. बांधावर तणनाशक मारू नये. बांध हा गांडुळांचा शेवटचा आसरा असतो, आणि तिथून रानात पसरायला त्यांना वर्षाला काही मीटरच जमते. घाई असेल तर भर पावसाळ्यात बांधालगतची फूटभर जाडीची मातीची ढेपच गांडुळांसकट उचलून शेतात आच्छादनाखाली बसवावी. गांडूळखत जरूर वापरावे, पण खत म्हणून.

कृषी विभागाकडे एक मागणी आहे. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात: सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. जमिनीतल्या एकाही सजीवाची त्यात नोंद नाही. तेरावा रकाना गांडुळांच्या मोजणीचा असावा. मातीचे नमुने बहुधा उन्हाळ्यात, रान मोकळे असताना घेतले जातात. त्या वेळी ही मोजणी केली तर सगळीकडे शून्यच येईल, म्हणून ती पावसाळ्यात वेगळी करावी लागेल. प्रयोगशाळा लागत नाही. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी कुदळ, गोणपाट आणि मोजपट्टी घेऊन ती करू शकतात. मात्र त्याच जागी, त्याच महिन्यात, दरवर्षी करावी. एका वर्षाच्या आकड्यावर पावसाचा परिणाम फार असतो. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की मगच जमीन सुधारते आहे की खालावते आहे हे कळेल.

— मृदाजीवांचे काही अभ्यासक, सांगली