तायडे, एकटी दारं वाजवत फिरू नकोस

तायडे,
काल फोन रागातच ठेवलास. मी एवढंच विचारलं की निवडणुकीच्या प्रचाराला संध्याकाळी दारोदार फिरताना बरोबर कोण असतं, तर म्हणालीस आई तुला नुसती भीतीच दिसते. तसं नाही गं. बॅकयार्डमधल्या तुझ्या भाषणाचा व्हिडिओ मी शेजारच्या काकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलाय. माइक सारखा घसरत होता, तू तो हाताने धरूनच बोलत होतीस, पण 2021 च्या आयडा वादळात तळघरात पाणी शिरलं ते सांगून गटारांचा मुद्दा काय मांडलास! तुझे बाबा असते तर गल्लीत पेढे वाटले असते.

आता जे सुचतंय ते लिहिते. टाळ्या वाजवणाऱ्यांत ग्रीन कार्डवाले किती, एच-वनवाले किती? त्यांना मत नाही. सिटिझन आहेत पण कुठल्याच पक्षात नाव नाही, असे जे असतील त्यांना आधी गाठ, न्यू जर्सीत ते प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीच्या दिवशी तिथेच पक्ष सांगून मत देऊ शकतात असं तूच म्हणाली होतीस ना. आणि पक्षाच्या लाडक्यांना बॅलटवर एका ओळीत बसवायचे ती पद्धत 2024 ला कोर्टाने अडवली, म्हणजे नवख्या माणसालाही चान्स आहे. पण एकटी जाऊ नकोस.

आत्या ग्रामपंचायतीला उभी राहिली तेव्हा तू पोटात होतीस. हळदीकुंकवाचं निमित्त काढून वाडीवस्ती पालथी घातली आम्ही, आत्या बोलायची आणि मी मतदार यादीवर लाल पेन्सिलने खुणा करायचे, नक्की असेल तर बरोबर, पुण्या-मुंबईला असेल तर फुली, आणि गोड बोलून वाटेला लावणाऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. सगळ्यात जास्त प्रश्नचिन्हंच. सात मतांनी पडली, पण पुढच्या वेळी आली निवडून. बेळगावचे श्री ठाणेदार पण 2018 ला मिशिगनच्या गव्हर्नरची प्रायमरी हरलेच होते की, पण 2022 ला अमेरिकेच्या संसदेत, तुमच्या त्या काँग्रेसमध्ये, निवडून गेले. म्हणजे तू हरशील असं नाही म्हणत मी, उलटा अर्थ काढू नकोस.

आत्याबरोबर मात्र कायम दोघीतिघी असायच्या. आणि ते गाव आपलं होतं, दार उघडणारा कोण ते माहीत असायचं. तुमच्याकडे 2023 ला कॅन्सस सिटीत 16 वर्षांच्या पोराने चुकीच्या घराची बेल वाजवली म्हणून गोळी घातली त्याला, ती बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. परत तेच लिहितेय, चिडू नकोस, लेक्चर द्यायला बसलेच नव्हते. तू लहानपणी वर्गणी मागायला सगळ्यात पुढे असायचीस, तेव्हाही मी कोपऱ्यावर उभी असायचेच.

जावईबापूंना गाडीत तरी बसवून ने. छोटीला त्या मैत्रिणीकडे ठेव, ती नाही म्हणणार नाही. पाय दुखत असतील, बूट जुनेच घाल. आणि निघताना, परत आल्यावर दोन्ही वेळा मेसेज टाक, तुमचे रात्रीचे 8 म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच, मी उठलेलीच असते.

आई