खालच्या मजल्यावरच्या काकूंना

काकूंना साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की 'शेजाऱ्यापाजाऱ्यांत कसले गं आभार' म्हणत तुम्ही माझ्या हातात काहीतरी खायला ठेवणार. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. साताऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते लोकांना कळलंच पाहिजे.

जर्मनीत नोकरीला असतानाच्या माझ्या दोन मैत्रिणी आणि त्यांचे नवरे, असे चौघं शनिवार-रविवारसाठी येणार होते. शुक्रवारी रात्री खंबाटकी घाटातल्या गर्दीतून सुटून गाडी दारात लागली, तर आतून सहा जण उतरले. एकीचा भाऊ आणि त्याची बायको मुंबईत भेटले होते, तेही हौसेनं बरोबर आले. बाहेर धो धो पाऊस, आमच्या दोन खोल्या आणि जिन्यात बॅगांचा ढीग. मी कुणाला कुठं झोपवायचं याच विचारात होते. तुम्ही न बोलावता वर आलात, माणसं मोजलीत आणि म्हणालात, "तिघं माझ्याकडं झोपतील. गोधड्या चिक्कार आहेत." विषय संपला.

शनिवारी सकाळी कासला जायला ठरवलेली गाडी आलीच नाही. फोनही उचलेना. पठाराचं बुकिंग केलेलं, वेळ ठरलेली, आणि ही मंडळी बूट घालून तयार. तुमच्या एका फोनवर तुमचा भाचा लिंबहून सुमो घेऊन हजर झाला. यवतेश्वरच्या घाटात धुकं इतकं होतं की पुढची गाडी दिसत नव्हती, पण वर पोचलो आणि उघडलं. तेरड्यानं सगळा कातळ गुलाबी झालेला, मधेमधे गेंदाचे पांढरे ठिपके. माझी एक मैत्रीण वनस्पतीशास्त्र शिकवते. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून कास तिच्या मनात होतं. सीतेची आसवं दिसल्यावर ती कुंपणापाशी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली. एवढंसं निळं फूल, आणि मातीखाली त्याच्या बारीक पिशव्या किडे धरतात, हे ती इतर सगळ्यांना सांगत राहिली. काकू, भाचा गाडी घेऊन आला नसता तर ती हे न बघताच परत गेली असती.

पण मला खरं लिहायचंय ते त्या संध्याकाळबद्दल.

आम्ही भिजून परत आलो. सहाही जण कोचावर अवघडून बसले होते आणि मी ओट्यापाशी एकटी धावत होते. त्यातली एक व्हीगन. दूध, दही, तूप, काही नको. पाहुण्यांसाठी खास आणलेले कंदी पेढे तिच्या कामाचे नव्हते. तेवढ्यात लाईट गेली, म्हणजे मिक्सरही गेला. तुम्ही दारात उभं राहून सगळं बघितलंत. "गाईम्हशीचं काही नको, एवढंच ना? मग आपलं रानातलं जेवण चालतंय की तिला," असं म्हणालात. आणि मग मला, "या सगळ्यांना नुसतं बसवून काय ठेवलंयस? कामं दे की त्यांना."

आमच्याकडे पाहुण्यानं ताट उचललं तरी घरच्यांना कानकोंडं होतं. मी तर नको नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत. दोघींना लसूण सोलायला बसवलंत, एकाला खलबत्त्यावर. सर्वांत उंच जो होता, तो पुलांचं काम करणारा इंजिनिअर, त्याच्या हातात भाजून चोळलेल्या शेंगदाण्यांचं सूप दिलंत. त्यानं पहिल्यांदा सूप उडवलं तेव्हा सालांबरोबर दाणेही जमिनीवर आले. तुम्ही त्याचं मनगट धरलंत, कोपर अंगाला चिकटवलंत आणि सूप नुसतं झटकून दाखवलंत. सालं पुढं उडाली, दाणे मागं राहिले. मग तो दाणे संपले तरी थांबेना. मेणबत्तीच्या उजेडात सगळ्या घरभर शेंगदाण्याची सालं आणि हसणं. त्या दाण्यांत गूळ कुटून लाडू वळले, तुपाचा थेंबही लागला नाही. बरोबर ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तुम्ही सकाळीच भिजत घातलेल्या वाघ्या घेवड्याची आमटी. कोरेगावच्या त्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, हे मी त्यांना सांगितलं खरं, पण ऐकायला कुणाला सवड नव्हती. व्हीगन मैत्रीण तिसऱ्यांदा आमटी घेत होती. या दौऱ्यात पहिल्यांदाच तिला ताटातलं काही बाजूला काढावं लागलं नाही, असं ती मला नंतर म्हणाली.

रविवारी तुम्ही स्वतः आलात, लिंबला, तुमच्या माहेरी. बारा मोटेची विहीर मी याआधी बघितली होती, पण तुमच्याबरोबर बघणं वेगळं होतं. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती आमराईसाठी बांधून घेतली, एवढं मी सांगू शकले. मोट कशी चालते ते मात्र तुम्ही दाखवलंत. आमच्या इंजिनिअरला बैल केलंत, खांद्यावर ओढणी टाकलीत आणि विहिरीकडून उताराच्या धावेवर चालवत नेलंत. बैल खाली गेला की चामड्याची मोट भरून वर येते, तो मागं हटला की रिकामी मोट आत जाते. नंतर तो इंजिनिअर विहिरीतल्या महालात कितीतरी वेळ कमानी न्याहाळत उभा होता.

सोमवारी पहाटे ते निघाले तेव्हा तुम्ही लाडवांचा डबा बांधून दिलात, आणि मला रडू आलं, ते मी तुमच्यापासून लपवलं नाही.

काकू, तुमच्या आणि भाच्याच्या मेहनतीचे पैसे देऊ केले तर तुम्ही रागावाल. भाच्याला डिझेलचे तरी घ्यायला सांगा, तो माझं ऐकत नाही. तुमच्या गोधड्या धुवून ठेवल्यात, ऊन पडलं की वाळवून आणून देते. आणि लाडवाला दाणे किती, गूळ किती, ते एकदा सांगा. मैत्रिणीचा विमानतळावरूनच मेसेज आलाय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची