मन्यास पत्र : चिंगीच्या विमानाबद्दल

सोलापूर,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मन्या,

तुझा फोन मी दोनदा उचलला नाही, राग धरू नकोस. चिंगी कशी आहे, एवढंच तू विचारणार होतास. पण तू बातम्यांच्या वाहिनीच्या डेस्कवर बसतोस आणि मला जे बोलायचंय त्यातलं निम्मं तुझ्या कामाबद्दल आहे. फोनवर माझा आवाज चढला असता. म्हणून लिहितोय.

चिंगी बरी आहे. उजव्या मनगटात प्लेट बसवलीय, कपाळाला सात टाके पडलेत. दाजींनी दोन माग विकून आणि वर कर्ज काढून तिला वैमानिक व्हायला पाठवलं होतं, तुला माहीतच आहे. विमान सेसना १५२, दोनच माणसांचं. इंधन-माणसांसकट उडतं तेव्हाही जेमतेम साडेसातशे किलोचं. इंजिन बंद पडलं, तिनं ते शेतात उतरवलं, बांधाला धडकून उलटलं. एकटीच होती.

आता ताईला हे कसं कळलं ते ऐक. दुपारी साडेतीनला ती पडवीत टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. दारात एक पोरगा माइक घेऊन उभा. म्हणाला, "काकू, मुलीच्या अपघाताबद्दल काय सांगाल?" ताई म्हणाली, "कुठल्या मुलीच्या?"

प्रशिक्षण केंद्राचा फोन त्यानंतर वीस मिनिटांनी आला. तोवर गल्लीत तीन गाड्या लागल्या होत्या. एकजण चपलांसकट आत आला आणि भिंतीवरचा चिंगीचा साडीतला फोटो खिळ्यावरून काढून खिडकीच्या उजेडात धरून चित्रित करू लागला. दाजींनी माग बंद केले आणि नुसते उभे राहिले. त्या गल्लीत दिवसा मागाचा आवाज थांबलेला मी कधी ऐकला नव्हता. आणि ताईचं ते "कुठल्या मुलीच्या?" रात्री दहापर्यंत दाखवत होते रे. खाली पट्टी, वर तिचा चेहरा.

व्हिडिओचं तर सांगूच नये. शेतातल्या लोकांनी तिला बाहेर काढलं, त्यांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण काढताना कुणीतरी फोन धरला होता. शर्ट फाटलेला, ती शुद्धीत नाही. तो व्हिडिओ तिच्या शाळेच्या ग्रुपवर आधी आला, आमच्याकडे नंतर.

तू म्हणशील, लोकांना कळायला नको का? हवं. मीही तेच म्हणतो. पण काय कळायला हवं? त्या इंजिनाची शेवटची तपासणी कधी झाली, मुलांना दिवसातून किती उड्डाणं करायला लावतात, आधी असं काही झालं होतं का. हे विचारायला केंद्राच्या फाटकावर एकही कॅमेरा गेला नाही. सगळे आमच्या गल्लीत. मुलीचं नाव मिळालं की केंद्राच्या मालकाचं नाव शोधायची गरज उरत नाही, असंच ना?

या दोन महिन्यांत मी बरंच वाचलं. मोठ्या विमानात ब्लॅक बॉक्स असतो. एवढ्याशा विमानात तो बसवायची सक्तीच नाही. मग तपास करणाऱ्यांच्या हाती काय राहतं? टाकीत उरलेलं इंधन, थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा, दांडा कुठे होता, पंख्याची पाती कशी वाकलीत (त्यावरून आपटताना इंजिन चालू होतं की नाही ते समजतं), बघणाऱ्यांचं सांगणं आणि वैमानिकाची आठवण. म्हणून माणसं वाचवण्यापुरतं सोडून अवशेषांना हात लावायचा नसतो. इथे पोरं कॉकपिटमध्ये बसून सेल्फी काढत होती. कुठला दांडा कुणी हलवला, देव जाणे.

आणि तो शेतकरी. पहिल्या वाहिनीला त्यानं सांगितलं, आवाज एकदम थांबला आणि विमान खाली आलं. दुसरीनं विचारलं, धूर होता का? म्हणाला, असेल. संध्याकाळी तिसऱ्या वाहिनीवर तोच माणूस हातवारे करत सांगत होता की धुराचा लोट निघाला होता. तो खोटारडा नाही रे, त्याच्या तोंडात धूर घातला गेला. आता त्याला तपास अधिकारी विचारतील तेव्हा तो काय सांगेल?

विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचे अहवाल उघडून बघ. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की तपास पुन्हा अपघात होऊ नये म्हणून आहे, दोष कुणाच्या माथी मारायला नाही. विमान वाहतुकीबद्दल देशादेशांत १९४४ साली झालेल्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टातून ते आलंय. त्याच परिशिष्टात म्हटलंय की तपास यंत्रणेनं अपघातातल्या माणसांची नावं जाहीर करू नयेत. म्हणजे ज्यांचं कामच खणून काढायचं, ते नाव झाकतात.

जूनमध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, तेव्हा तू रात्रभर डेस्कवर होतास. जुलैतल्या प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या बोलण्यातलं एवढंच होतं की एक वैमानिक विचारतो, इंधन का बंद केलंस, दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कुणाला म्हणाला, ते लिहिलेलं नाही. तरी चार दिवसांत गुन्हेगार ठरवून झाला होता. चिंगीच्या बाबतीत तर एका बाईंनी स्टुडिओत बसून विचारलं, मुलीवर मानसिक ताण होता का? मन्या, व्यावसायिक परवान्याला दोनशे तास उड्डाण लागतं, वर कडक वैद्यकीय तपासणी. उद्या नोकरी देणाऱ्यानं तिचं नाव टाकून शोधलं तर आधी तो व्हिडिओ आणि तो प्रश्न येणार. साल-दीड सालानं अहवाल येईल, तेव्हा तो वाचून दाखवायला कुणी येईल असं मला वाटत नाही.

एक माणूस मात्र वेगळा आला. इथल्याच एका दैनिकाचे वयस्क बातमीदार. पाणी प्याले, वही पिशवीतून काढलीच नाही. दाजींना म्हणाले, "नाव छापू नको म्हणालात तर नाही छापणार." दुसऱ्या दिवशी सहा ओळी आल्या : सोलापूरची शिकाऊ वैमानिक जखमी, प्रकृती स्थिर. त्या सहा ओळींत सगळं होतं. ताईनं ते कात्रण पोथीत ठेवलंय.

नऊ जूनपासून आपल्या होटगी रोडवरून गोव्याची विमानं सुटतात. उद्या इथल्या पोरीही इथे उडायला शिकतील, शिकाव्यातच. म्हणून तुला सांगतोय, तुझ्या वाहिनीच्या मालकांना नाही, कारण डेस्कवर पट्टी तू लिहितोस. छोट्या विमानाची बातमी आली की नाव टाकायच्या आधी एवढंच विचार, घरी कळलंय का? आणि बाहेर काढतानाचा व्हिडिओ चालवू नकोस. वरून दबाव आला तर माझं हे पत्र दाखव.

संक्रांतीला गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला ये. चिंगी नंदीध्वज बघायला येईन म्हणालीय, गर्दीत तिच्या बाजूला दोघं-तिघं असलेले बरे. ताईनं शेंगाचटणी कुटून ठेवलीय तुझ्यासाठी. चिंगीचा नंबर बदललाय. हवा असेल तर मला कळव, मी तिला विचारतो.

तुझा,
आप्पा