दार उघडे ठेवून शिकवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवले आणि २०२० च्या टाळेबंदीपासून आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घरूनच ऑनलाइन घेते. माझे विद्यार्थी वाई-कोरेगावपासून पुण्यापर्यंत आणि काही तर आखाती देशांतही आहेत. इतक्या वर्षांत एकाही पालकाने माझ्याकडे ओळखपत्र, पूर्वीच्या शाळेचे प्रमाणपत्र किंवा पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितलेला नाही. कुणाच्या तरी ओळखीने माझा नंबर मिळतो, शुल्क ठरते आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्या मुलाच्या खोलीत असते. ‘खोलीत असते’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत, कारण त्या तासाभरात त्या मुलाशी बोलणारी, त्याचा चेहरा आणि त्याच्या मागची भिंत पाहणारी मोठी व्यक्ती मी एकटीच असते, आणि बहुतेक घरांत खोलीचे दार बंद असते.

आमच्या लहानपणी शिकवणी ओसरीवर किंवा माजघरात होत असे. चार-सहा मुले सतरंजीवर, आजी कोपऱ्यात वाती वळत बसलेली, स्वयंपाकघरातून आईची ये-जा चाललेली. गुरुजींवर नजर ठेवावी असे कुणाच्या मनातही नसे, पण घराच्या रचनेमुळेच ती राखण आपोआप होत होती. आज मुलाच्या कानाला हेडफोन असतो, दार ओढून घेतलेले असते आणि ‘क्लास चालू आहे, आवाज करू नका’ म्हणून घरातली माणसे बाहेर दबक्या आवाजात बोलत असतात. माझा अनुभव असा, की दोन खोल्यांच्या घरात आईच्याच मोबाइलवर शिकणारी मुले त्या मानाने सुरक्षित असतात, कारण तिथे कुणीतरी सतत जवळ असते आणि आलेला निरोप आईलाही दिसतो. स्वतंत्र खोली, स्वतंत्र मोबाइल आणि कामावर गेलेले आई-वडील अशा सुस्थितीतल्या घरांची मला अधिक काळजी वाटते.

ही काळजी ऐकीव गोष्टींवर आधारलेली नाही. माझ्या नात्यातील आठवीतल्या एका मुलीला एका शिकवणीच्या ॲपवरून विज्ञानाचा शिक्षक मिळाला होता. सुरुवातीला गृहपाठाचे निरोप तिच्या व्हॉट्सॲपवर येऊ लागले, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. मग ते रात्री साडेदहानंतर येऊ लागले, मग अभ्यास सोडून तिच्या दिसण्याविषयी येऊ लागले, मग ‘आईला सांगू नकोस, ती क्लास बंद करील’ असे आले आणि शेवटी छायाचित्र पाठवण्याचा आग्रह सुरू झाला. मुलगी तीन आठवडे गप्प होती. तिला त्या माणसाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की घरी कळले तर आपलाच मोबाइल काढून घेतील आणि ‘तूच काहीतरी बोलली असशील’ असे ऐकावे लागेल. दिवाळीच्या सुट्टीत तिने हे मला सांगितले, तेव्हा तिच्या आवाजात सुटकेपेक्षा अपराधीपणाच अधिक होता. तो मला अजून विसरता येत नाही.

कंपनीकडे तक्रार केल्यावर त्यांनी शिक्षक बदलून दिला आणि दोन महिन्यांचे शुल्क परत केले. पोलिसांना काही कळवले का, असे विचारले तेव्हा ‘अंतर्गत चौकशी सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणजे या मुलीचा शिक्षक बदलला, पण तो शिक्षक आज दुसऱ्या कुठल्या ॲपवर कुणाच्या मुलीला शिकवतो आहे, हे विचारणारे कुणी नाही. वास्तविक याविषयी कायदा स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, ‘पॉक्सो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील कलम ११ नुसार लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हा लैंगिक छळ ठरतो आणि कलम १२ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या, किंवा घडण्याची शक्यता वाटत असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा कंपनीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ त्याला एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. शुल्क परत केल्याने हे कर्तव्य संपत नाही.

मुलीचे आई-वडील तक्रारीला तयार नव्हते. मुलीला पोलीस ठाण्यात नेऊन बसवावे लागेल, गावभर चर्चा होईल, हीच धास्ती त्यांना होती. मला वाटते, हजारो घरांचे ओठ याच धास्तीने शिवलेले आहेत आणि ती कायद्याच्या अज्ञानातून येते. याच कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नसतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम २३ ची बंदी आहे. हे वाचून दाखवल्यावर त्यांचे मन वळले, तक्रार झाली आणि साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्यांनी घरी येऊन, चहा घेत, मुलीशी तासभर बोलून जबाब घेतला. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक आहे, १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे, आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. निरोप पुसून टाकण्याची घाई मात्र कुणी करू नये. तेच पुरावे असतात.

आता शिक्षकांविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आल्यानंतर राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत आदेश काढले. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीस शिकवण्यासाठी नेमू नये असे म्हटले आहे. पण त्या सूचना पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत आणि विद्यार्थ्यामागे एक चौरस मीटर जागा असावी असेही त्यांत आहे, म्हणजे डोळ्यांसमोर आहे ते विटा-सिमेंटचे केंद्र. घरात बसून पाच मुलांना शिकवणारी माझ्यासारखी व्यक्ती त्यात कुठेच येत नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी सक्तीची केली आहे. ती ऑनलाइन शिकवणीच्या कंपन्यांनाही निःसंदिग्ध शब्दांत लागू आहे असे शासनाने सांगायला हवे.

अर्थात पडताळणीच्या दाखल्यावर फार विसंबूनही चालणार नाही. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही त्याचा दाखला कोराच येणार, आणि तक्रारी का होत नाहीत ते वर लिहिलेच आहे. म्हणून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जुन्या ओसरीसारखे उघडे दार. मूल मधल्या खोलीत बसावे, मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा, निदान अधूनमधून हेडफोनशिवाय तास व्हावा. अनेक आया मला म्हणतात, ‘बाई, आम्हाला इंग्रजी माध्यमाचे गणित कुठे कळते, बसून काय करणार?’ त्यांना माझे सांगणे असते, की गणित कळण्याची गरज नाही. कोण बोलते आहे, कसे बोलते आहे आणि मूल कसे बसले आहे, हे आईइतके कुणाला कळत नाही. गृहपाठ, वेळेतील बदल, शंका हे सारे पालक ज्यात आहेत अशा गटावरच यावे, मुलाच्या वैयक्तिक क्रमांकावर नाही. माझ्या तासाला कुठल्याही पालकाने न सांगता येऊन बसावे, असे मी आता पहिल्याच दिवशी सांगते. यात शिक्षकाचा अपमान नाही; प्रामाणिक शिक्षकाचे खोट्या आरोपापासून संरक्षणही त्यातच आहे. पालकांना विचारायचा संकोच वाटतो, म्हणून हा विषय शिक्षकानेच काढला पाहिजे.

गटाच्या वर्गात धोका केवळ शिक्षकाचा नसतो. टाळेबंदीत वर्गाची लिंक एका गटातून दुसऱ्या गटात फिरत असे आणि अनोळखी माणसे मुलांच्या वर्गात घुसत. गृह मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये झूम या व्हिडिओ-बैठकीच्या ॲपविषयी दिलेल्या सूचना, म्हणजे दर बैठकीला नवा पासवर्ड, येणाऱ्याला आधी वेटिंग रूममध्ये थांबवणे, यजमान येण्यापूर्वी कुणाला आत न घेणे, आजही तितक्याच उपयोगी आहेत. तासांच्या रेकॉर्डिंगचा मात्र मी सरसकट आग्रह धरणार नाही. शेकडो मुलांचे चेहरे आणि आवाज कुणाच्या तरी संगणकावर वर्षानुवर्षे पडून राहणे हाही धोकाच आहे, विशेषतः चेहरा बदलून खोटी चित्रे बनवणे सोपे झालेल्या काळात. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. रेकॉर्डिंग करायचेच तर फळा आणि शिक्षक यांचेच करावे, ते पालकांना मिळावे आणि परीक्षेनंतर पुसले जावे.

जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते आणि त्याआधीच, एप्रिल-मेमध्ये, शिकवण्या ठरतात. शालेय शिक्षण विभागाने त्यापूर्वी एक परिपत्रक काढून ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कंपनीचा नोकर असो वा माझ्यासारखी निवृत्त शिक्षिका, चारित्र्य पडताळणीचा दाखला पालकांना दाखवणे बंधनकारक करावे, आणि तक्रार आलेल्या शिक्षकाला नुसते बदलून न देता पोलिसांना कळवण्याची कंपन्यांची जबाबदारी त्यात शब्दशः लिहावी, अशी माझी विनंती आहे. माझ्यापुरता असा दाखला मिळवण्यासाठी मी या आठवड्यात अर्ज केला आहे. तो हाती आला की प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, जि. सातारा