श्रेणी विद्यापीठाची, वर्ग महाविद्यालयाचा

संपादक महोदय,

बारावीनंतर पालक ‘विद्यापीठाला नॅकची कोणती श्रेणी?’ एवढंच विचारतात. नॅक म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था. पण संलग्न महाविद्यालयाची श्रेणी वेगळी असते आणि मुलं बसतात तिथेच. हव्या त्या अभ्यासक्रमाची चालू वर्षाची संलग्नता आहे का, त्या विषयाला मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक किती, हे आधी विचारावं. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, शिक्षकांचा आकडा वेगळा मागावा. एरवी तो त्यातच मिसळून सांगतात.

राज्याच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. मागच्या तीन सत्रांच्या शेवटच्या पेपरची आणि निकालाची तारीख शेजारी-शेजारी लिहून पाहा. निकाल रखडला की गुणपत्रिका रखडते आणि बाहेरच्या विद्यापीठातला पदव्युत्तर प्रवेश हातचा जातो.

– एक वाचक, पुणे