पोराशी देवावरून भांडण्याआधी

प्रिय सुध्या,

तुझी लांबलचक मेल वाचली. पोरगं नास्तिक झालं म्हणून तुला झोप येत नाही आणि सल्ला विचारतोयस कुणाला तर मला, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच की. पण विचारलंयस तर लिहितो, सावकाश वाच, आणि मध्येच फोन उचलून भांडू नकोस.

तुमची मतं वेगळी आहेत याचं मला काहीच वाटलं नाही, तुम्ही भांडता कसे ते वाचून मात्र डोकं धरलं. तो म्हणाला देव आहे हे सिद्ध करून दाखवा, तू म्हणालास नाही हे तू सिद्ध करून दाखव, मग आवाज चढले, मग वहिनी मध्ये पडल्या आणि दोघंही त्यांच्यावरच घसरलात. अरे हे दोनच डायलॉग जगभर चालू आहेत आणि त्यातून आजवर कुणी हललेलं मी तरी पाहिलं नाही.

आता तुझा पोरगा आज ना उद्या रसेलची किटली काढणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५२ मध्ये एका मासिकासाठी लेख लिहिला होता, मासिकाने तो छापलाच नाही ती गंमत वेगळी, तर त्यात तो म्हणतो की पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरतेय आणि ती इतकी लहान आहे की कुठल्याच दुर्बिणीतून दिसायची नाही, असं मी म्हटलं तर मला कुणी खोटं पाडू शकणार नाही, पण म्हणून सगळ्यांनी ती मानायची का? मुद्दा बिनतोड आहे. जो दावा करतो त्याने पुरावा द्यायचा, त्यामुळे 'नाही हे तू सिद्ध कर' हे तुझं वाक्य कायमचं सोड, ते टिकत नाही. पण त्यालाही एक विचार, की किटलीच्या भरवशावर कुणी आयुष्य काढलंय का रे? याने देव सिद्ध होत नाही हं, लगेच खुश होऊ नकोस. एवढंच कळतं की तू जेव्हा देव आहे म्हणतोस तेव्हा आकाशात एक वस्तू जास्तीची आहे एवढंच तुला म्हणायचं नसतं, आणि तो मात्र तेवढंच ऐकतो.

याच रसेलचा कोपलस्टन नावाच्या जेझुइट पाद्र्याबरोबर जानेवारी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर वाद झाला होता. मला त्यातली सुरुवात फार आवडते. कोपलस्टनने आधी विचारलं की देव म्हणजे जगाहून वेगळा, जगाचा कर्ता असा एक परमपुरुष, हा अर्थ चालेल का, रसेल म्हणाला चालेल. मग विचारलं की तो नाहीच हे सिद्ध करता येतं असं तुझं म्हणणं आहे का, रसेल म्हणाला नाही, माझी भूमिका अज्ञेयवादी आहे, म्हणजे आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. झालं, दोन मिनिटांत कोण कुठे उभा आहे ते स्पष्ट. पुढे जाऊन ते अडकलेच, कोपलस्टन म्हणे या सगळ्या विश्वाला काहीतरी कारण हवं, रसेल म्हणे विश्व आहे, बस, त्यापुढे प्रश्नच नाही. कोपलस्टनने त्याला टोमणापण मारला, की पटावर बसायलाच नकार दिला तर कुणी तुला मात देऊ शकणार नाही हे खरंच. पण कुठल्या जागी अडकलो ते दोघांनाही नीट माहीत होतं. तुमच्या घरात काय होतंय की तो ज्या देवाला नाकारतोय तो शिक्षा करणारा, हिशेब ठेवणारा, परीक्षेत मार्क देणारा देव आहे, आणि तू ज्याला धरून बसलायस तो वेगळाच कुणीतरी आहे. कदाचित त्याच्या देवाला तूही नाकारशील! विचारून तर बघ त्याला, तू नेमका कुठला देव मानत नाहीस म्हणून.

आणि आस्तिक इकडे, नास्तिक तिकडे अशी सरळ रेघ पण नसते. आपल्या मीमांसकांचंच बघ ना, म्हणजे वेदांचा अर्थ लावणारे आपले जुने तत्त्वज्ञ, वेद प्रमाण, यज्ञ प्रमाण, पण जग निर्माण करणारा ईश्वर काही त्यांनी मानला नाही. त्यांना तुझ्या हॉलमध्ये आणून बसवलं तर ते कुणाच्या बाजूने बोलतील सांग.

आता खरी गोष्ट. १९५० च्या सुमाराला ऑक्सफर्डमध्ये अँटनी फ्लू नावाच्या तरुण तत्त्वज्ञाने एक कथा मांडली, मूळ जॉन विस्डम या दुसऱ्या तत्त्वज्ञाची. दोन माणसं जंगलात फिरताना एका मोकळ्या जागी येतात, तिथे फुलं आहेत आणि रानगवतपण आहे. एक म्हणतो इथे माळी येत असणार, दुसरा म्हणतो कसला माळी. पहारा ठेवतात, कुणी दिसत नाही. तारेचं कुंपण घालून त्यात वीज सोडतात, कुत्री फिरवतात, कुणी सापडत नाही. पण पहिला म्हणतच राहतो की माळी आहे, तो अदृश्य आहे, त्याला शॉक लागत नाही, वास नाही, आवाज नाही, पण तो येतो. शेवटी दुसरा वैतागून विचारतो की बाबा रे, तुझ्या या माळ्यात आणि मुळात माळीच नसण्यात फरक काय उरला? सुध्या, नास्तिकाला तुझं बोलणं अगदी असं ऐकू येतं. चांगलं झालं की देवाची कृपा, वाईट झालं की त्याची इच्छा आपल्याला कळत नाही, मग असं काय घडलं तर तू म्हणशील की नाही बुवा, देव नाही? याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर पोरगं वैतागणारच.

पण या फ्लूला बेझिल मिचेल नावाच्या आस्तिक तत्त्वज्ञाने दिलेलं उत्तर फार कमी लोक सांगतात. मिचेलची कथा अशी, की युद्ध चालू आहे, देश शत्रूने घेतलाय, आणि भूमिगत चळवळीतल्या एका माणसाला एका रात्री एक अनोळखी माणूस भेटतो. दोघं रात्रभर बोलतात. तो अनोळखी सांगतो की मी तुमच्याच बाजूचा आहे, किंबहुना चळवळ मीच चालवतो, काहीही झालं तरी माझ्यावर विश्वास ठेव. पुढे कधी तो यांच्या लोकांना मदत करताना दिसतो आणि कधी चक्क पोलिसांच्या वर्दीत यांच्याच लोकांना पकडून देताना दिसतो. मित्र म्हणतात हा गद्दार आहे, हा म्हणतो नाही, तो आपलाच आहे. मिचेलचा मुद्दा असा की याला विरोधातला पुरावा दिसत नाही असं नाही, दिसतो, टोचतोसुद्धा, पण त्या रात्रीच्या भेटीमुळे तो विश्वास सोडत नाही. फ्लूचा माणूस अंदाज बांधतोय आणि मिचेलच्या माणसाने शब्द दिलाय, मला तरी हा फरक फार मोठा वाटतो. आस्तिकाला स्वतःचं बोलणं असं ऐकू येतं.

मला स्वतःला मिचेलचं पूर्ण पटत नाही, कारण त्याच्या कथेत तो माणूस निदान एकदा समोर बसून बोललाय. माझ्या वाट्याला अशी रात्र आलीच नाही, आणि मी काही ती नाकारून बसलेलो नाही, आलीच नाही तर काय करू. पण म्हणूनच मला वाटतं की तुम्ही बोलायचं तर तिथे बोला. तुझी ती रात्र कुठली हे मला माहितीये, काका गेले त्यानंतरचं ते वर्ष, तू कसा तग धरलास ते मी बघितलंय. पोराला माहितीये का? तो तेव्हा लहान होता. तू त्याला विश्वाचं कारण, सृष्टीची रचना असलं काय काय सांगतोस जे तुझं तुलाही कधी फार पटलेलं नाही, आणि जे खरं कारण आहे ते सांगत नाहीस. सांग. त्याला पटावं म्हणून नाही, तो म्हणेल तो मनाचा आधार होता, देव नव्हता, म्हणू दे. पण तो निदान तुझ्याशी बोलत असेल. आणि त्यालाही विचार की तुझं देव मानणं कधी आणि कसं गेलं. बहुतेकांचं एखादं पुस्तक वाचून जात नाही, कुणाचा तरी दुटप्पीपणा बघून जातं किंवा जीव तोडून मागितलेलं काहीतरी मिळालं नाही म्हणून जातं, आणि कधीकधी नुसतंच विरून जातं, कारणच नसतं.

एका गोष्टीत मात्र मी तुला सूट देणार नाही. जे तपासता येतं ते तपासायचं. प्रार्थनेने ऑपरेशन नीट झालं असं तू मेलमध्ये लिहिलंयस म्हणून सांगतो. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन नावाच्या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या १८०२ पेशंटवर मोठा अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि कुणासाठी होतेय हे पेशंटना कळू दिलं नाही. दोन्हीकडे गुंतागुंतीचं प्रमाण जवळजवळ सारखं. तिसऱ्या गटाला मात्र सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय, तर त्यांच्यात ५९ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, न सांगता प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के! आता तू म्हणशील की प्रार्थना म्हणजे काही मशीन नाही, नाणं टाकलं की औषध बाहेर. एकदम मान्य, पण मग ऑपरेशन नीट झाल्यावर श्रेय पण तिला देऊ नकोस ना. एकच काहीतरी ठरव.

पोरालापण हाच नियम लाव. विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केलंय असं तो म्हणाला तर विचार की कुठल्या प्रयोगाने. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होता, आणि १९५१ मध्ये पोपने जेव्हा या विज्ञानात निर्मितीचा दाखला मिळतोय अशा अर्थाचं भाषण केलं तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ हाच झाला, कारण त्याला आपला सिद्धांत देवाच्या कामाला जुंपायचाच नव्हता. इतका स्वच्छ माणूस दोन्ही बाजूंना क्वचित मिळतो.

नीतीवरून बोलू नकोस. म्हणजे 'देवच नाही तर तुला चोरी करण्यापासून कोण अडवणार' हे जे तू त्याला म्हणालास ना, ते मागे घे. नास्तिकाला याच्याइतकं काही लागत नाही, मला विचार. त्याला ऐकू येतं की माझा बाप मला आतून चोर समजतो. आणि तो तुला जे म्हणाला, की तुम्ही घाबरता म्हणून देव मानता, तेही तसलंच. समजा भीतीपोटीच मानत असशील, तरी त्यावरून देव आहे की नाही हे कुठे ठरतं? माणूस एखादी गोष्ट का मानतो हे उलगडलं म्हणून ती गोष्ट खोटी ठरत नाही.

दुःखाचा प्रश्न निघणारच, निष्पाप लोक का मरतात वगैरे. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, सगळ्या संतांचा सण, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले, आणि छतं त्यांच्या अंगावर आली. व्होल्तेअर या फ्रेंच लेखकाने त्यावर चिडून कविता लिहिली की जे होतं ते चांगल्यासाठीच असं आता म्हणून दाखवा. तो काही नास्तिक नव्हता बरं का. पुढच्या वर्षी रूसो या त्याच काळातल्या विचारवंताने त्याला लांब पत्र लिहिलं, की सहा-सहा सात-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गाने नव्हती बांधली तिथे. मला हे उत्तर अर्धं पटतं, चर्चच्या छताला ते लागू पडतं पण आजारी बाळाला नाही. तुझ्याकडे याचं उत्तर नसेल तर नाही म्हण. फक्त घरात कुणाचं काही ताजं दुःख असताना हा विषय दोघांनीही काढायचा नाही, एवढं पाळा.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रवाल्यांनी, वादाचे तीन प्रकार सांगून ठेवलेत, खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत बसायचं ती वितंडा. पोराची बरीचशी वितंडा चाललीये, वय आहे, पण तुझं 'विज्ञानाला सगळं कुठे कळलंय' हे पण त्यातलंच. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी, आधी समोरच्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं, मांडायचा, आणि असा मांडायचा की त्याने म्हणावं हो, मला हेच म्हणायचं होतं. वेद आणि देव दोन्ही नाकारणाऱ्या चार्वाकांचं बघ, त्यांचं म्हणणं आपल्याला बहुतेक सगळं त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं, ते बिचारे आता उठून सांगू शकत नाहीत की आम्ही असं म्हणालोच नव्हतो. तुझा पोरगा तर समोरच बसलाय.

आणि खरं सांगू का, तुमचं भांडण विश्वाच्या कारणावरून नाहीच चाललेलं. तो घरातल्या प्रार्थनेला बसत नाही आणि लोक काय म्हणतील, यावरून चाललंय. तो वेगळा प्रश्न आहे, तो वेगळा सोडव. तू बाप आहेस, घर तुझं, पैसा तुझा, हा वाद बरोबरीचा नाही हे तुला जाणवत नसलं तरी त्याला रोज जाणवतं. जगात असे देश आहेत जिथे धर्म सोडला म्हणून माणूस तुरुंगात जातो, जीवपण जातो, त्यामुळे नास्तिकाचा आवाज जरा चढलेलाच असतो, तेवढं समजून घे. गोरा नावाचे आंध्रातले कट्टर नास्तिक १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधींना भेटले तेव्हा गांधींनी त्यांना साधारण असं सांगितलं की माझं आस्तिक्य बरोबर आणि तुमचं नास्तिक्य चूक असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघं सत्य शोधतोय. मग बोलणं लवकरच अस्पृश्यतेच्या कामावर आलं. पुढे गोरांच्या मुलीचं एका दलित तरुणाशी लग्न ठरलं, ते आश्रमात लावायचं आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायचं याला गांधी तयार झाले. लग्न १९४८ मध्ये सेवाग्रामलाच झालं, गांधी तेव्हा राहिले नव्हते. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला आपल्या बाजूला ओढू शकलं नाही, आणि त्याने काही अडलं नाही.

तर प्रार्थनेला बसायची सक्ती काढून टाक, बदल्यात तू बसला असशील तेव्हा त्याने टिंगल करायची नाही, एवढं ठरवून टाका. बाकी वाद नंतर घाला, वाटलं तर मीपण येतो ऐकायला. हे पत्र त्याला दाखवायचं तर खुशाल दाखव, फक्त त्या बायपासवाल्या अभ्यासावर तुला काय म्हणायचंय ते आधी ठरवून ठेव, कारण तो पहिला तेवढाच उचलणार. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांचं या सगळ्यावर काय म्हणणं आहे ते तू काहीच लिहिलं नाहीयेस, विचारलंस का त्यांना?

तुझा,
मन्या